किरकोळ जखमेचा इतिहास



ज्या व्यासपीठावरून साम्राज्यांचे उदयास्त आणि संतांची चरित्रे सांगितली जातात, त्या व्यासपीठावरून एका कामगार कार्यकर्त्याने बोटाच्या जखमेवर बोलावे, याची काहींना गंमत वाटेल. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारलेही, "अहो, खपलीला कसला आलाय इतिहास?" प्रश्न थट्टेचा होता, पण माझे आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजावयास हरकत नाही.

मी डॉक्टर नव्हे आणि इतिहासाचा पदवीधरही नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या नुकसानभरपाईची कागदपत्रे वाचता वाचता झाले. त्या कागदांत एक शब्द मला पुन्हापुन्हा भेटत आला. तो शब्द म्हणजे 'किरकोळ'. 'कामगारास किरकोळ दुखापत झाली' एवढे एक वाक्य लिहिले की कारकुनाचे काम संपते. परंतु पुष्कळ गंभीर प्रकरणांचा माग काढीत गेले, की आठ-दहा दिवसांपूर्वीच्या अशाच एखाद्या किरकोळ जखमेपाशी आपण येऊन पोहोचतो. मग मनात येते, की जखम किरकोळ केव्हा राहते आणि केव्हा राहत नाही? हे माणसाला केव्हा कळले? कोणी कळविले? आणि कळल्यावरही ते सर्वांच्या वाट्याला का आले नाही? आजच्या विषयाची मांडणी या चार प्रश्नांभोवती आहे.

खपलीखाली काय चालते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्ष घटना पाहू. भाजी चिरताना विळीवर बोट कापले. पहिल्या काही क्षणांतच तुटलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तात बिंबाणू नावाचे सूक्ष्म कण असतात. डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट' हे त्यांचे इंग्रजी नाव आता घरोघरी माहीत झाले आहे. ते भगदाडाच्या तोंडाशी जमतात आणि एकमेकांना चिकटतात. पाठोपाठ रक्तातील एका विरघळलेल्या द्रव्याचे धागे बनतात. या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. धाग्यांचे जाळे तयार होते, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि रक्त गोठते. ही गुठळी व तिच्याबरोबर पाझरलेली लस हवेने वाळली, की तिलाच आपण खपली म्हणतो.

वरून पाहणाऱ्याला वाटते की खपली धरली म्हणजे काम झाले. खरे म्हणजे काम तेव्हाच सुरू झालेले असते. पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशींची एक तुकडी येते आणि आत शिरलेल्या जंतूंशी झुंजते. तिच्यामागून दुसरी तुकडी येते. ती मेलेले जंतू, मेलेल्या पेशी आणि कचरा गिळून जागा साफ करते. मग बांधकामाला आरंभ होतो. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, तंतू निर्माण करणाऱ्या पेशी कोलॅजन नावाचे धागे घालू लागतात आणि लालसर, दाणेदार मांस भरत येते. त्याच वेळी जखमेच्या कडांवरील त्वचेच्या पेशी आपली जागा सोडून मध्याकडे सरकू लागतात. जखम वरवरची असेल तर केसांच्या मुळांतूनही अशा पेशी निघतात. चारी बाजूंनी निघालेल्या पेशी एकमेकींना भेटल्या, की नवी त्वचा मिटते आणि खपली आपोआप गळते.

साधी वरवरची जखम अशा रीतीने सुमारे आठवडा-दहा दिवसांत मिटते. हा दहा दिवसांचा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे एका निराळ्याच ठिकाणी भेटणार आहे. आतली डागडुजी मात्र पुढे कित्येक महिने चालू राहते. एवढे करूनही मोठ्या जखमेच्या वणाला मूळ कातडीचे संपूर्ण बळ कधीच येत नाही. फार तर शेकडा ८०पर्यंत येते.

या कामाला चार गोष्टी लागतात: जागा स्वच्छ हवी, वरून आच्छादन हवे, ओलावा हवा आणि विसावा हवा. गेल्या साडेतीन हजार वर्षांचा जखमेचा इतिहास म्हणजे या चार गोष्टी एकेक करून सापडण्याचा, हरवण्याचा आणि पुन्हा सापडण्याचा इतिहास आहे.

प्राचीनांची जाण

जखमेच्या उपचारांचा एक फार जुना लेख इजिप्त देशात मिळाला. १८६२ साली लक्सर येथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो विकत घेतला, म्हणून त्याला त्याचे नाव पडले. हा लेख इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्यात ४८ रुग्णांची प्रकरणे डोक्यापासून खाली क्रमाने दिली आहेत. पहिल्या दिवशी जखमेवर ताजे मांस बांधावे आणि नंतर रोज चरबी, मध व सुताचा बोळा ठेवावा, असा उपचार त्यात वारंवार येतो. मधात बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत आणि चरबीने जखम कोरडी पडत नाही, हे आज आपण जाणतो. त्या वैद्यांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु कोणत्या जखमा भरतात आणि कोणत्या चिघळतात, हे ते नीट पाहत होते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जखमेचा विचार किती बारकाईने केला आहे, हे वैद्यमंडळींना मी सांगावयास नको. शरीरातील दोषांनी होणारा आणि बाहेरच्या आघाताने होणारा असे व्रणाचे दोन प्रकार मानून त्यावर साठ उपक्रम सांगितले आहेत. दुष्ट व्रण, शुद्ध व्रण, भरत असलेला व्रण आणि भरलेला व्रण यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. त्यातला क्रमही महत्त्वाचा आहे: आधी शोधन, मग रोपण, म्हणजे आधी साफ करा, मग भरून आणा.

परंतु माझ्यासारख्या माणसाला सर्वांत भावला तो सूत्रस्थानातील 'व्रणितोपासनीय' नावाचा अध्याय. जखमी माणसाला ठेवावे कसे, याचाच त्यात विचार आहे. घर स्वच्छ हवे, वारा अंगावर येता कामा नये, बिछाना ऐसपैस हवा. जखमी माणसाने नखे व केस बारीक ठेवावेत, पांढरे स्वच्छ वस्त्र नेसावे. खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी द्यावी. आवडत्या मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वेदनेचा विसर पडतो. जखम ही केवळ कातडीला झालेली नसून माणसाला झालेली आहे, ही दृष्टी या अध्यायात आहे. नुसत्या लेपाने भागत नाही. त्या माणसाला जागा, स्वच्छता, सोबत आणि सवड लागते. पण हे सारे मिळणार कोणाला? ज्याच्याकडे ऐसपैस घर आहे त्याला. हा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा होता आणि तो तसाच दोन हजार वर्षे राहिला.

रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात जखम बिघडल्याच्या चार खुणा नोंदविल्या: लाली, सूज, ऊष्णता आणि वेदना. आजचा डॉक्टरही पहिल्यांदा याच चार गोष्टी पाहतो.

'चांगला' पू आणि उकळते तेल

पुढे युरोपात एक विलक्षण समजूत रूढ झाली. जखमेत दाट पांढरा पू झाला म्हणजे तो शुभ. पू झाल्याशिवाय जखम भरावयाचीच नाही! एवढ्यासाठी जखमेत मुद्दाम चिंध्या कोंबून ती उघडी ठेवीत. तेराव्या शतकात इटलीतील थिओडोरिक नावाच्या शस्त्रवैद्याने याला विरोध केला. जखम मद्याने धुवा, कडा जुळवा, बांधा आणि पू होऊ देऊ नका, असे त्याने लिहिले. पण ग्रंथप्रामाण्यापुढे त्याचे थोड्यांनीच ऐकले. चुकीचा विचार केवळ जुना आहे म्हणून किती दिवस राज्य करतो, याचे हे एक उदाहरण आहे.

त्या राज्याला एक मोठा तडा गेला तो एका न्हाव्याच्या हातून. आंब्रवाज पारे हा फ्रान्समधील न्हावी-शस्त्रवैद्य. त्याला लॅटिन येत नव्हते, त्यामुळे विद्यापीठातील पंडित त्याला खालच्या पंक्तीत बसवीत. १५३७ साली इटलीतील मोहिमेवर तो फ्रेंच सैन्याबरोबर गेला. बंदुकीच्या दारूने जखम विषारी होते असे तेव्हा मानीत आणि ते विष मारण्यासाठी जखमेत उकळते तेल ओतीत. एके दिवशी जखमी इतके झाले की पारेजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने उरलेल्यांना अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मलम लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळपर्यंत ही माणसे विषाने मरून पडतील या धास्तीने तो पहाटेच उठून पाहावयास गेला. पाहतो तो मलम लावलेले शिपाई शांत झोपलेले, आणि तेल ओतलेले तापाने फणफणलेले, त्यांच्या जखमांच्या कडा सुजलेल्या! त्या दिवशी त्याने ठरविले, की पुन्हा कोणाला असे भाजावयाचे नाही. १५४५ साली त्याने हा अनुभव लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या फ्रेंच बोलीत पुस्तकरूपाने छापला, म्हणून तो त्याच्यासारख्याच न्हाव्यांच्या हाती पडला. आपण फक्त मलमपट्टी करतो, बरे करणारा देव आहे, असे तो म्हणत असे. देवाच्या जागी कोणी निसर्ग म्हणावे. अर्थ एकच, की भरून आणण्याचे काम शरीर करते आणि आपण त्याला त्रास द्यावयाचा नसतो.

पुढे अठराव्या शतकात जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्याने प्रत्यक्ष खपलीचा कैवार घेतला. रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. पुष्कळ जखमांवर रक्त वाळू द्यावे, खपली धरू द्यावी आणि तिच्याखाली जखम बरी होऊ द्यावी, असे त्याचे मत होते.

व्हिएन्ना आणि ग्लासगो

तरीही मूळ कोडे सुटले नव्हते. तीच जखम एकाची खपली धरून बरी होते आणि दुसऱ्याचा प्राण घेते, हे का? याचे उत्तर ज्या घटनेतून मिळाले ती घटनाही एका किरकोळ जखमेचीच आहे.

व्हिएन्नातील मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर बाळंतिणींच्या विभागात काम करीत होता. तेथे बाळंतरोगाने बायका भराभर मरत. १८४७च्या मार्चमध्ये त्याचा मित्र प्राध्यापक कोलेच्का हा शवविच्छेदन करीत असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्याला लागले. जखम नावापुरती, पण थोड्याच दिवसांत तो मेला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचून सेमेलवाइस चमकला. बाळंतिणी ज्या रोगाने मरत होत्या, अगदी तीच लक्षणे! म्हणजे प्रेतांवरचे काहीतरी सुरीने मित्राच्या बोटात गेले, आणि तेच डॉक्टरांच्या हातांनी बायकांपर्यंत जात होते. त्याने प्रत्येकाला चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७मध्ये त्या विभागात शेकडा १८ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा २वर आले. पण सभ्य डॉक्टरांचे हात मृत्यू वाहतात, हे मोठ्या लोकांना ऐकवले नाही. सेमेलवाइसची नोकरी गेली, पुढे मनाचा तोल गेला, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात, अंगावरील जखमेचे विष रक्तात पसरून तो वारला.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा इस्पितळात आला. गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड मोडले होते आणि कातडी फाटली होती. अशा वेळी पाय कापून टाकणे हाच रिवाज होता. जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने तो कापला नाही. नासणे-कुजणे हे सूक्ष्म जीवांमुळे होते, हे पाश्चरचे संशोधन त्याने वाचले होते. शिवाय कार्लाइल शहराच्या गटारांच्या मैल्यावर कार्बोलिक ॲसिड घातल्याने दुर्गंधी थांबली, हेही त्याच्या कानावर आले होते. त्याने कार्बोलिकमध्ये भिजविलेला कपडा जखमेवर ठेवला. रक्त आणि कार्बोलिक मिळून एक टणक कवच तयार झाले. एक प्रकारची निर्जंतुक खपलीच म्हणा. जखमेत पू झाला नाही. सहा आठवड्यांनी तो मुलगा आपल्या पायांवर चालत घरी गेला. १८६७ साली लिस्टरने हे प्रसिद्ध केले आणि 'चांगल्या पुवाची' कल्पना हळूहळू इतिहासजमा झाली.

स्वच्छतेचे रहस्य येथे उलगडले. शहराची गटारे स्वच्छ करताना वापरलेल्या रसायनाचा पोराचा पाय वाचविण्याकामी उपयोग व्हावा, ही नगरपालिकेच्या कामगारांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

औषधाचा अतिरेक

एक सत्य सापडले की माणूस त्याचा अतिरेक करतो. जंतू मारावयाचे ना? मग ओता जळजळीत औषध! पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथे आल्मरॉथ राइट आणि त्यांचे सहायक अलेक्झांडर फ्लेमिंग जखमी शिपायांवर काम करीत होते. फ्लेमिंगने काचेची एक नळी तापवून तिला खाचाखोचा पाडल्या आणि फाटक्या जखमेची नक्कल तयार केली. तिच्यात जंतू वाढवून त्यावर जंतुनाशके ओतली. तेव्हा दिसले की औषध खाचांच्या तळाशी पोहोचतच नाही. उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच त्याने मरतात. म्हणून या दोघांनी मिठाच्या पाण्याने जखम धुण्याचा पुरस्कार केला. उघड्या जखमेवर स्पिरिट ओतून 'चरचरले म्हणजे औषध लागू पडले' असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. चरचरते तेव्हा जंतूंबरोबर आपली माणसेही मरत असतात.

याच फ्लेमिंगला १९२८ साली पेनिसिलिन सापडले. फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी ते औषध म्हणून उभे केले आणि १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला ते प्रथम दिले. तोंडावरील जखमेतून त्याच्या सर्वांगात विष भिनले होते. औषधाने तो सुधारू लागला. पण औषध इतके थोडे होते की शिपायाच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा टोचावे लागले. अखेर साठा संपला आणि मार्चमध्ये तो मेला. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत, १९५५ साली, आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथल्या कामगारांच्या हातून निघालेल्या कुप्यांनी किती संसार सावरले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

खपलीचा वाद मिटतो

आता आच्छादन आणि ओलावा. १९२० साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या कापूस-खरेदीदाराने, स्वयंपाकघरात वारंवार बोट कापून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी, चिकटपट्टीवर जाळीदार कापडाची घडी लावून ठेवली. त्यातून बँड-एड ही तयार पट्टी जन्माला आली. तरीही 'जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या, खपली धरू द्या' हाच सल्ला घरोघर आणि दवाखान्यांतूनही चालू राहिला.

१९६२ साली इंग्लंडमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर वरवरच्या सारख्या जखमा करून पाहिल्या. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते. काही जखमा त्यांनी उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली! कारणही दिसले. उघड्या जखमेवर खपली धरते, पण तिच्याबरोबर खालचा थरही सुकतो. त्वचेच्या पेशींना ओलावा असेल तेथूनच सरकता येते. म्हणून त्यांना खपली पोखरीत, तिच्याखालून खोल वाट काढावी लागते. ओलसर जखमेत हा वळसा वाचतो. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवर हीच गोष्ट पडताळून पाहिली.

इंग्रजी मुलुखांतील कामगार संपफोड्याला 'स्कॅब' म्हणतात. त्या भाषेत खपलीलाही हाच शब्द आहे. मला वाटते, यात खपलीवर अन्याय होतो. दुसरा पहारेकरी नसताना ती इमानाने दार अडवून बसते. एवढेच, की स्वच्छ पट्टीचा चांगला पहारा मिळत असेल, तर या वाळक्या पहारेकऱ्याची गरज उरत नाही. एकदा धरलेली खपली मात्र नखाने उचकटू नये. तिच्याबरोबर खालची कोवळी त्वचा निघते, जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते आणि वण वाढतो. खपली काढण्याबद्दल आपल्या भाषेत जी बोलण्याची रीत आहे, ती उगीच नाही.

चौथी गोष्ट: विसावा

स्वच्छता, आच्छादन आणि ओलावा या तीन गोष्टी शास्त्रज्ञांनी शोधल्या. चौथी गोष्ट प्रयोगशाळेत सापडणारी नव्हती. हात बरा व्हावयाचा तर तो चार दिवस तेलात, चिखलात, तिखटामिठात घालता कामा नये. पण ज्याचे पोट त्याच हातावर आहे, त्याने काय करावे?

हा प्रश्न या देशात जाहीरपणे मांडणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला होता. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे इतपत त्यात होते, परंतु जखमी झालेल्याने खावे काय, याबद्दल शब्द नव्हता. १८८४च्या सप्टेंबरमध्ये लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास, वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. पाचवी मागणी मात्र फारसे कोणी सांगत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा पंगू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. सेमेलवाइस आणि लिस्टर यांच्या शेजारी मी लोखंडे यांना बसवितो ते यासाठी. जखम भरण्यासाठी लागणारी चौथी गोष्ट त्यांनी मागितली.

ती मिळावयास किती काळ लागला पाहा. नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ साली, म्हणजे ३९ वर्षांनी. त्यात एक मेख होती. दुखापतीमुळे दहा दिवसांपेक्षा जास्त काळ काम करता आले नाही, तरच भरपाई! श्रोत्यांना मी दहा दिवसांचा आकडा ध्यानात ठेवावयास सांगितले होते. साधी जखम भरावयास जेवढे दिवस लागतात, नेमके तेवढे दिवस कायद्याने कामगाराच्या पदरात घातले. म्हणजे किरकोळ जखम झालेल्याने एकतर उपाशी बसावे, नाहीतर ओल्या जखमेनिशी कामावर जावे. आणि जखम चिघळून गंभीर झाली, की मग भरपाईस पात्र व्हावे! १९३३ साली हे दहा दिवस सातावर आले आणि १९५९ साली तीनवर. हे तीन-चार दिवस मिळविण्यासाठी केवढ्या चळवळी कराव्या लागल्या, हे सांगू गेलो तर दुसरे व्याख्यान होईल.

१९४८च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवण्याचे, ती प्रशिक्षित जबाबदार माणसाच्या ताब्यात देण्याचे आणि कामाच्या सर्व वेळात ती हाताशी असण्याचे बंधन घातले. हातपाय धुण्याची सोयही सक्तीची केली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत हा कायदा आणि असे इतर कायदे एकत्र केले गेले. कागदावर एवढे सारे आहे. परंतु एका कारखान्यातील पेटी मी पाहिली आहे. ती कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली दिवसपाळीच्या कारकुनाच्या खिशात. रात्रपाळीच्या एका पोराला पत्र्याची धार लागली. त्याने तेलकट कॉटन वेस्ट गुंडाळले आणि पाळी पुरी केली, कारण मध्येच घरी गेला तर खाडा पडला असता. सहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. बोटाचे एक पेर काढावे लागले. नोंदवहीत पहिल्या दिवसाची नोंद होती: 'किरकोळ'. लिस्टरचे ज्ञान त्या कारखान्यापर्यंत पोहोचावयास दीडशे वर्षे आणि एक किल्ली कमी पडली.

घरी न्यावयाच्या चार गोष्टी

इतिहास ऐकून माणूस रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, म्हणून व्यवहाराचे थोडे सांगतो. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा; मधूनमधून उचलून पाहू नका. मग जखम पिण्याजोग्या वाहत्या पाण्याने चांगली धुवा. भोवतीची कातडी साबणाने धुवा. साध्या जखमेला नळाचे स्वच्छ पाणी पुरते. त्यावर साधे व्हॅसलीन लावा आणि पट्टीने झाका. पट्टी रोज, आणि भिजली वा मळली तर लगेच बदला. शेण, माती, तंबाखू, चुना, कोळिष्टक, यंत्राचे तेल यांपैकी काहीही जखमेत घालू नका. हळदीचे गुण मी नाकारीत नाही. पण डब्यातली हळद स्वैपाकासाठी दळलेली असते, निर्जंतुक केलेली नसते.

जखम खोल, तोंड उघडलेली वा खिळ्याने भोसकलेली असेल, रक्त थांबत नसेल, तर दवाखाना गाठा. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात वर्षानुवर्षे टिकतात. प्रतिबंधक लस केव्हा घेतली होती ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. जनावर चावले असेल तर साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तडक डॉक्टरांकडे जा. मधुमेह असणाऱ्यांनी पायाची कोणतीच जखम लहान मानू नये. आणि सेल्ससच्या चार खुणा, म्हणजे लाली, सूज, ऊष्णता, वेदना, दिवसागणिक वाढू लागल्या, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर खाड्याची पर्वा करू नका.

हे शेवटचे वाक्य उच्चारणे सोपे आहे. त्याप्रमाणे वागणे सर्वांना परवडत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून या सभेतील जी मंडळी दुकान, कारखाना, शाळा वा कचेरी चालवीत असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. उद्या सकाळी आपल्याकडील प्रथमोपचार पेटी कोठे आहे, तिच्यात काय आहे आणि तिची किल्ली कोणाजवळ आहे, एवढे पाहावे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या हाताला चीर पडली असेल, तर तो हात चार दिवस पाण्यात घालावयास लावू नये, आणि त्या चार दिवसांचे पैसे कापू नयेत. १८८४ साली ५,५०० माणसांनी सह्या करून एवढेच मागितले होते.